भुशीचा फाकडा

लोणावळ्याला जाणाऱ्या माणसाच्या नशिबी तीन गोष्टी ठरलेल्या असतात: पाऊस, चिक्की आणि भुशीच्या धरणाच्या पायऱ्या. आम्ही उभयता गेलो तेव्हा यांपैकी पहिली गोष्ट आटोपली होती. आश्विन लागला होता. पावसाळ्यात ज्या पायऱ्यांवर पाण्यात बसायला जागेसाठी भांडणे होतात, त्या पायऱ्या कोरड्या पडून उन्हात पाठ शेकत होत्या. सौभाग्यवतीला हे काही पसंत पडले नाही. "धरण पाहायला आणलंत आणि पाणी संपल्यावर आणलंत!" असे म्हणून तिने चिक्कीची पुडी सोडली.

खरे म्हणजे आम्ही धरण पाहायला गेलोच नव्हतो. हे धरण सहलीसाठी बांधलेलेही नव्हे. बोरघाट फोडून रेल्वे वर आली ती १८६३ साली. सात वर्षे हजारो मजूर त्या कड्याला लटकून सुरुंग लावीत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल काम हाती घेतल्यावर थोड्याच दिवसांत, १८५९ साली, वारला आणि त्याची बायको अॅलिस हिने ते काम पुढे चालवले. घाट चढून आलेल्या इंजिनांना तहान लागायची. त्यांच्यासाठी रेल्वेने भुशीला पाणी अडवले. इंजिने गेली, तहान गेली, पाणी राहिले आणि त्यात माणसे भिजू लागली.

आम्हांला बोलावले होते ते एका तसबिरीने. त्याचे असे झाले. माझ्या एका शाळासोबत्याच्या वडिलांनी भुशीच्या वाटेवरचा एक जुना बंगला फार वर्षांपूर्वी कोणा पारशी गृहस्थाकडून विकत घेतला होता. आता त्या वडिलांच्या मागे चार मुलगे आणि चौघांची चार तोंडे, तेव्हा बंगला विकायचे ठरले. सामानाची वाटणी झाली. पलंग एकाकडे, झुंबर दुसऱ्याकडे. दिवाणखान्यातली एक तसबीर मात्र अडून बसली. मित्राने कळवले, "ही तसबीर इष्टुर फाकड्याची आहे असे आमच्याकडे पिढ्यान् पिढ्या सांगतात. खरी असेल तर तिला मोल येईल. नसेल तर ती आमच्या माळीतात्याला देऊन टाकू, तो मागतोच आहे. तू जन्मभर मुलांना इतिहास शिकवलास, एकदा येऊन सांग."

इष्टुर फाकडा! मावळात वाढलेल्या माणसाला हे नाव नव्याने सांगायला नको. बाकीच्यांसाठी थोडी हकीकत सांगतो.

नारायणराव पेशव्यांचा खून १७७३ साली झाला. गादीच्या लोभाने राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला गेले आणि त्यांना पुण्यास नेऊन बसवण्यासाठी मुंबईकर इंग्रजांनी १७७८ च्या नोव्हेंबरात फौज काढली. सुमारे चार हजार माणूस आणि सामान वाहायला एकोणीस हजारांवर बैल. बैलांचा आकडा वाचला म्हणजे ही स्वारी होती की बाजार, असा प्रश्न पडतो. या सगळ्या लवाजम्याच्या पुढे कॅप्टन जेम्स स्टुअर्ट नावाचा एक अधिकारी ग्रेनेडियर शिपायांच्या सहा तुकड्या आणि थोड्या हलक्या तोफा घेऊन निघाला. त्याने बोरघाट चढून माथा धरला आणि मागची फौज येईपर्यंत, म्हणजे जवळजवळ महिनाभर, धरून ठेवला. चहूकडे मराठ्यांचे घोडेस्वार घिरट्या घालीत होते, पण घाट सुटला नाही.

मुख्य फौज कर्नल एगर्टनच्या हाताखाली २३ डिसेंबरला घाटमाथ्यावर आली आणि तिथून गोगलगाईच्या चालीने निघाली. खंडाळ्याहून तळेगाव सुमारे तीस किलोमीटर. तेवढ्या वाटेला तिला सतरा दिवस लागले. मराठ्यांनी समोरासमोर लढाई दिली नाही. गवत जाळले, धान्य हलवले, रसद तोडली आणि तोफा डागीत मागे मागे सरत राहिले. ३१ डिसेंबरला कर्नल के प्राणांतिक जखमी झाला. ४ जानेवारी १७७९ रोजी कार्ल्याजवळ कॅप्टन स्टुअर्ट पडला. टेहळणीसाठी तो झाडावर चढला होता आणि तिथेच त्याला मराठ्यांचा नेमका गोळा लागला, असे मावळात सांगतात.

पुढचा भाग शाळेच्या पुस्तकात असतो. एगर्टन आजारी पडला, कॉकबर्नने सूत्रे घेतली. तळेगाव गाठले तो गाव जळालेला. ११ जानेवारीच्या रात्री मोठ्या तोफा तळ्यात ढकलून इंग्रज मागे फिरले, वडगावला वेढले गेले आणि महादजी शिंद्यांपुढे त्यांना तह करावा लागला. इंग्रजांना हिंदुस्थानात इतकी नामुष्कीची सही फार थोड्या वेळा करावी लागली आहे.

पण गंमत पाहा. त्या साऱ्या फौजेतले एकच नाव मराठ्यांनी आपल्या बोलीत ठेवून घेतले, ते म्हणजे स्टुअर्टचे. त्याचा इष्टुर केला आणि पुढे 'फाकडा' लावले. फाकडा म्हणजे तडफदार, बेडर, रुबाबदार गडी. ही पदवी आपल्याकडे स्वस्त नव्हती. कोन्हेरराव एकबोट्यांना ती मिळाली, मानाजी शिंद्यांना मिळाली. अशा माणसांच्या ओळीत मराठ्यांनी शत्रूच्या एका कप्तानाला बसवले. ग्रँट डफने आपला इतिहास लिहिला तो पुढच्या शतकात, तेव्हाही हे नाव या मुलखात लोकांच्या तोंडी होते, म्हणून त्याने ते मुद्दाम नोंदवून ठेवले.

असा हा फाकडा. त्याची तसबीर भुशीला असेल तर ती पाहायला कोण जाणार नाही?

दिवाणखान्यात उजेड कमी होता. तसबीर हातभर उंच, शिसवी चौकटीत. तिच्याखाली एक फळकूट ठोकून त्यावर मातीची पणती ठेवलेली आणि बाजूला उदबत्तीची राख. माळीतात्या दारात उभा होता. वय ऐंशीच्या आसपास, डोक्याला मुंडासे, हातात विळा.

"ह्योच फाकडा, मास्तर," तो म्हणाला. "माझ्या आज्यानं दिवा लावला, बानं लावला, आता म्या लावतो. दर अवसेला. पौषात नारळ बी फोडतो."

"पौषातच का?"

"त्यो पौषात पडला न्हवं का, म्हणून."

मी मनात हिशेब केला. इंग्रजी ४ जानेवारी म्हणजे पौषाच्याच आसपास. म्हाताऱ्याला इंग्रजी तारीख ठाऊक नव्हती, पण महिना ठाऊक होता. मला उगीचच आशा वाटू लागली.

मग मी खिडकी उघडली, आणि आशा मावळायला सुरुवात झाली.

जुन्या तसबिरीतला माणूस कोण, हे ओळखायला चेहऱ्याचा उपयोग सर्वांत कमी, कारण तो चेहरा पाहिलेला कोणीच उरलेला नसतो. साक्ष द्यावी लागते ती कपड्यांनी, केसांनी, कागदाने. एडिंबरोला एका हायलँड सरदाराचे चित्र आहे. जॉन मायकेल राइट या चित्रकाराने सतराव्या शतकात काढलेले. रंगीबेरंगी पट्टूचे वस्त्र गुंडाळून ऐटीत उभा असलेला तो तरुण कितीएक वर्षे नुसता 'हायलँडचा सरदार' म्हणून ओळखला जात होता. आता तो लॉर्ड मुंगो मरे असल्याचे ठरले आहे. बिचारा पुढे पनामाकडे वसाहत करायला गेला आणि १७०० साली तिकडेच मेला. ओळख पटायला लागली ती मात्र शतके.

आमच्या तसबिरीतला गृहस्थ पुरा हायलँडर होता. स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या पलटणींचा तो प्रसिद्ध पोशाख: गुडघ्यापर्यंतचा चौकड्यांचा घागरा, काळ्या पिसांची उंच टोपी, लाल डगला, डगल्याला पिवळी कॉलर. ओठांवर झुपकेदार मिशा, गालांवर कल्ले. छातीवर दोन पदके.

"स्टुअर्ट हे नाव स्कॉटलंडचंच ना?" मित्राने विचारले. "मग घागरा बरोबर आहे."

नाव स्कॉटलंडचे खरे. पण हा कप्तान कंपनीच्या मुंबई फौजेत हिंदी शिपायांच्या ग्रेनेडियर तुकड्यांवर होता. घागरा हा राजाच्या हायलँड पलटणींचा मान, कंपनीच्या अधिकाऱ्याच्या अंगावर तो कुठून यावा? बरे, मिशा पाहा. १७७९ चा इंग्रज अधिकारी तुळतुळीत दाढीमिशा करीत असे आणि केसांना भुकटी लावून मागे शेपटी बांधीत असे. मिशा आणि कल्ले यांची ऐट इंग्रज फौजेत रुळली ती १८५४ च्या क्रिमियन युद्धाच्या सुमारास. डगला पाहा. खाली चार झालरीवजा पाकळ्या असलेला हा डगला हायलँड पलटणींना मिळाला तोही त्याच युद्धानंतर. पदके पाहा. लढाईत भाग घेतलेल्या प्रत्येकाला पदक द्यायची रीत इंग्रज सरकारने सुरू केली ती वॉटर्लूपासून, म्हणजे १८१५ नंतर. आणि ती पिवळी कॉलर! १८८१ च्या फेररचनेत बहुतेक स्कॉटिश पलटणींना पिवळा रंग ठरवून दिला गेला.

मी एकेक मुद्दा सांगत होतो आणि मित्राचा चेहरा उतरत होता. त्याने शेवटचा डाव टाकला. "पण फाकडा कार्ल्याला मेला हेच कशावरून? मी तर वाचलं आहे की वडगावच्या तहानंतर स्टुअर्ट मराठ्यांकडे ओलीस राहिला होता. तो पुढे जगला असेल, म्हातारा झाला असेल, कुणी चित्र काढलं असेल."

ही चूक अनेकांची होते, कारण स्टुअर्ट दोन होते. तहाच्या अटी पाळल्या जाव्यात म्हणून इंग्रजांनी फार्मर नावाचा मुलकी अधिकारी आणि लेफ्टनंट चार्ल्स स्टुअर्ट यांना महादजींच्या हवाली केले. तो चार्ल्स, हा जेम्स. तो लेफ्टनंट, हा कॅप्टन. तहाच्या वेळी जेम्स स्टुअर्टला मातीआड जाऊन दहाबारा दिवस झाले होते. नुसत्या आडनावावर ओळख पटवू गेले की मेलेला माणूस ओलीस राहतो.

उरला कागद. मित्राच्या परवानगीने मी चौकट उतरवली, मागची पत्र्याची टाचण काढली. चित्र हाताने रंगवलेले नव्हतेच. भिंगाखाली ठिपके दिसत होते. दगडावर रंग छापायच्या पद्धतीने काढलेली ती प्रत होती आणि ही पद्धत युरोपात आली १८३७ च्या सुमारास. चौकटीच्या आत दुमडून गेलेली कागदाची खालची पट्टी सरळ केली, तेव्हा तिच्यावर बारीक इंग्रजी छापील ओळ निघाली. तिचा अर्थ एवढाच: 'हायलँड पलटणीचा अधिकारी, संपूर्ण गणवेशात'.

म्हणजे हा कोणी माणूसच नव्हता! गणवेश कसा असतो हे दाखवण्यासाठी छापलेला एक नमुना. शिंप्याच्या दुकानात लाकडी पुतळ्याला कोट घालतात, तसला. कोणा साहेबाच्या हौसेखातर तो कधीतरी घाट चढून आला असणार. वर्षानुवर्षे अमावास्येची पणती जळत होती ती या पुतळ्यापुढे.

मित्राने चित्र टेबलावर ठेवले आणि हळू आवाजात म्हणाला, "तात्याला सांगायचं का? देऊन टाकू तशीच. त्याला काय फरक पडतो?"

मी रात्रभर याच प्रश्नाने तळमळलो. म्हाताऱ्याचे दिवस ते किती! त्याची श्रद्धा मोडून मला कोणते पुण्य लागणार होते? पण मला बेंद्र्यांची आठवण झाली. एके काळी आपल्याकडे शिवाजी महाराजांचे म्हणून जे चित्र छापले जाई, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या एका सरदाराचे होते. लोक त्याला हार घालीत, त्यापुढे हात जोडीत. वा. सी. बेंद्रे यांनी १९३३ साली डचांकडून आलेले महाराजांचे अस्सल चित्र उजेडात आणले. लोकांची भक्ती त्यामुळे कमी झाली नाही. तिला फक्त योग्य चेहरा मिळाला. महाराजांच्या बाबतीत मराठी माणूस चूक दुरुस्त करू शकला, तर तात्याने ती करू नये असे मी कोण ठरवणार? खोट्यावर ठेवायचे म्हणजे त्याला लहान मूल समजण्यासारखेच होते.

सकाळी तात्याला घेऊन मी कुरवंड्याच्या बाजूला फिरायला गेलो. भुशीहून ते अंतर फार नाही. इंद्रायणीचा उगम याच अंगाला. याच कुरवंडे घाटाच्या पायथ्याशी, उंबरखिंडीत, १६६१ साली महाराजांनी कारतलबखानाला कोंडून शरण आणले. समोर नागफणीचा सुळका उभा होता. इंग्रजांनी त्याचे नाव 'ड्यूकचे नाक' ठेवले. वेलिंग्टनच्या ड्यूकचे नाक मोठे बाकदार होते, त्यांना त्या कड्यात आपल्या सेनापतीचा चेहरा दिसला. आपल्या माणसांना त्याच दगडात नागाची फणा दिसली.

"तात्या, तुम्हांला काय दिसतं हो?"

"फणा. दुसरं काय असनार?"

"साहेबाला तिथं साहेब दिसला."

तात्या हसला. मग मी त्याला तसबिरीचे सगळे सांगितले. मिशा, डगला, पदके, ती छापील ओळ. तो ऐकत राहिला. मध्ये एकदाही बोलला नाही. सांगून झाल्यावर मला माझाच राग आला. बऱ्याच वेळाने त्याने विचारले, "मग फाकड्याचा खरा फोटू कुठं हाय?"

"तो पडला तेव्हा पुण्यात चित्रं काढणारा गोरा चित्रकार नव्हता, तात्या. तो आला नंतर." मी त्याला जेम्स वेल्सची गोष्ट सांगितली. वेल्स हाही स्कॉटलंडचाच. १७९२ च्या सुमारास तो पुण्यात आला, इंग्रज वकील मॅलेटच्या आश्रयाने राहिला. त्याने सवाई माधवराव, नाना फडणीस आणि महादजी शिंदे यांची चित्रे काढली. पुण्याच्या गंगाराम तांबटासारखा हुन्नरी माणूस त्याच्या हाताखाली कामाला होता. १७९५ साली वेल्स साष्टीत वारला. आज महादजी डोळ्यांपुढे येतात ते बरेचसे या स्कॉटिश माणसाच्या कुंचल्यामुळे. "म्हणजे असं झालं बघा," मी म्हणालो, "आपल्या महादजींचा चेहरा त्यांच्या माणसानं राखला, आणि त्यांच्या फाकड्याचं नाव आपल्या माणसांनी राखलं."

तात्याने मुंडासे नीट केले. "मग म्या दिवा कुनाला लावला, मास्तर?"

या प्रश्नाला मी भीत होतो. "तुम्ही लावताना नाव कोणाचं घेत होता?"

"फाकड्याचं."

"मग त्यालाच."

त्याचे समाधान झाले की नाही, कळले नाही. उठताना एवढेच म्हणाला, "वडगावला त्याचं थडगं हाय म्हनत्यात. म्या कवा गेलो न्हाई. घरीच व्हता न्हवं त्यो!"

दुसऱ्या दिवशी पुण्याची लोकल पकडून आम्ही तिघे वडगावला उतरलो. स्टुअर्ट पडला कार्ल्याला, पण वडगावच्या पोलीस ठाण्याच्या आवारात एक जुने थडगे आहे, ते लोक इष्टुर फाकड्याचे म्हणून मानतात. ज्या फौजेला वडगावात पाऊलभर जागा उरली नाही, तिच्या कप्तानाला वडगावकरांनी अशी कायमची जागा देऊन टाकली. तात्याने बंडीतून उदबत्ती काढली, काडी ओढली. वारा होता, दोनतीन काड्या फुकट गेल्या. सौभाग्यवतीने पदराचा आडोसा केला तेव्हा ती पेटली. तात्याने हात जोडले. मग वडगावातल्या महादजींच्या पुतळ्यापुढे नेले, तिथेही जोडले. "ह्यो जिंकला," तो म्हणाला, "पर हरलेला बी भ्याला न्हाई."

इष्टुर फाकड्याचे याहून चांगले चित्र मी आजवर पाहिलेले नाही.

बंगल्याचा सौदा पुढे झाला. तसबिरीला मोल नाही म्हटल्यावर ती तात्याकडे गेली. मला वाटले होते, आता तो ती घेणार नाही. निघताना मी त्याला तसे विचारलेही.

"ऱ्हाऊ द्या की," तो म्हणाला. "त्याला नाव न्हाई, गाव न्हाई. निदान घर तरी असू द्या. फकस्त एक करा मास्तर, खाली चांगल्या अक्षरात लिवून द्या. पोरं फसाया नकोत."

मी खिशातले पेन काढले आणि चौकटीच्या खालच्या पट्टीवर मराठीत लिहून दिले: 'हायलँड पलटणीचा एक अधिकारी. हा इष्टुर फाकडा नव्हे.'

तात्याने ते नातवाकडून वाचून घेतले, मान डोलावली आणि पणतीचे फळकूट काढून बगलेत मारले. तसबीर नातवाच्या हातात दिली. फळकूट मात्र त्याने स्वतःच घरी नेले.